ताईसाठी आणि माझ्यासाठी एकच प्रार्थना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. काकांच्या हृदयाची बायपास शस्त्रक्रिया ठरल्याचे लिहून तू शेवटी एकच ओळ घातलीस : ‘त्यांच्यासाठी प्रार्थना कर.’ बाकीच्या पत्राला मी त्याच रात्री उत्तर लिहू शकलो असतो, पण या ओळीपाशी अडलो. ‘हो, करतो’ एवढे लिहिणे सोपे होते. मात्र तुला आजवर मी खोटे लिहिलेले नाही आणि हे वाक्य कितपत खरे ठरेल, याची मला खात्री नव्हती. म्हणून हा उशीर, आणि म्हणून हे लांबलेले पत्र.

2020 च्या मे महिन्यात ताई आणि मी एकाच आठवड्यात करोनाने आजारी पडलो, हे तुला ठाऊक आहे. त्या दिवसांत आई घरी काय करत होती, हे मात्र मी कोणालाच सांगितलेले नाही. आम्हां दोघांना वेगवेगळ्या रुग्णालयांत नेले होते आणि ती विलगीकरणात एकटी होती. पहाटे आणि रात्री ती देवापुढे बसे आणि आमची नावे एका दमात घेई. आधी ताईचे, कारण ती थोरली. मागणे एकच होते आणि शब्दही तेच होते. अकराव्या दिवशी ताई गेली. सतराव्या दिवशी मी घरी आलो. दारातच आई म्हणाली, ‘देवाने तुला परत दिले,’ आणि पुढे काही बोलेना. आपल्याच वाक्याचा दुसरा अर्थ तिला त्या क्षणी ऐकू आला असावा. ते वाक्य तिने पुन्हा कधीही उच्चारले नाही.

प्रार्थना ऐकली गेली नाही की माणसाची श्रद्धा डळमळते, असे मी समजत होतो. माझी डळमळली ती ऐकल्या गेलेल्या प्रार्थनेमुळे. केवळ ताई आजारी पडून गेली असती, तर मी रडलो असतो, चिडलो असतो आणि पुढेमागे कर्म, परीक्षा, ईश्वरी इच्छा यांपैकी एखादे उत्तर जवळ करून शांतही झालो असतो. पण एकाच आईने एकाच श्वासात घेतलेल्या दोन नावांपैकी एक ऐकले गेले आणि दुसरे गेले नाही, असे मानायचे म्हटले, तर ज्याने ऐकले त्याच्याविषयी जे मानावे लागते ते मला मानवत नाही. भेटायला येणारे नातेवाईक मायेने ‘देवाच्या कृपेने वाचलास’ म्हणत, आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात येई, मग ताईवर कृपा नव्हती काय? त्या वर्षी आभार मानणे मला मागण्यापेक्षा कितीतरी अवघड झाले.

त्यात जूनची 16 तारीख आली. करोनाच्या गंभीर रुग्णांना डेक्सामेथासोन हे औषध दिल्यास मृत्यू कमी होतात, असे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्या दिवशी जाहीर केले. श्वसनयंत्रावरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि नुसत्या प्राणवायूवर असलेल्यांमधले एक पंचमांशाने कमी झाले होते. हे औषध काही नवे नव्हते. 1950 च्या दशकापासून ते माणसाच्या हाती होते आणि स्वस्तही होते. ताई त्याने वाचली असती असे मी म्हणत नाही, ते कोणीच सांगू शकणार नाही. तरीही मी दिवस मोजले. मेमधल्या प्रार्थनेचे उत्तर जूनमध्ये येत असेल, तर ज्यांना तेवढी सवड नव्हती त्यांनी कोणाकडे पाहायचे?

प्रार्थना कमी पडली, असे तर झालेच नव्हते. 2020 च्या मार्चमध्ये लोक इंटरनेटवर प्रार्थना किती शोधत आहेत, याची 95 देशांतली नोंद एका अर्थशास्त्रज्ञ बाईंनी तपासली, तेव्हा तो शोध एकाएकी वाढलेला दिसला. 27 मार्चला पोप फ्रान्सिस पावसात, व्हॅटिकनच्या रिकाम्या चौकात, जगासाठी प्रार्थना करत उभे होते. आदल्या वर्षी सुमारे 25 लाख यात्रेकरू हजला गेले होते. त्या वर्षी जेमतेम हजार जणांना परवानगी मिळाली. माणसे एकत्र येऊ शकत नव्हती, तरी मागत होती. आणि जिथे एकत्र आली, तिथे काय झाले तेही मी वाचत बसलो होतो. वॉशिंग्टन राज्यात 10 मार्चला एक गायकवृंद चर्चमध्ये सरावासाठी जमला. 61 जण होते, त्यांतले 53 आजारी पडले आणि दोघे दगावले. गाण्यासाठी घेतलेला खोल श्वासच त्यांना भोवला असावा.

त्याहून अधिक काळ मी स्पेनमधल्या झामोरा शहरापाशी थांबलो. 1918 च्या फ्लूच्या साथीत तिथल्या बिशपांनी साथीपासून रक्षण करणाऱ्या संत रोकाची नऊ दिवसांची प्रार्थना योजली. लोकांनी चर्चमध्ये गर्दी केली, रांगेने संताच्या अवशेषांचे चुंबन घेतले. आणि स्पेनमधल्या सर्वांत जास्त मृत्यू झालेल्या शहरांत झामोऱ्याची गणना झाली. या प्रसंगाकडे बोट दाखवून श्रद्धेला मूर्ख ठरवणारे पुष्कळ भेटतील. मला ते करवत नाही. घराघरांतून माणसे जात असताना एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहावेसे वाटणे, यात मला कसलाही मूर्खपणा दिसत नाही. मात्र त्यांच्या देवाने त्यांना एकमेकांपासून दूर राहा असे कोणाच्या तरी तोंडून सांगायला हवे होते, आणि ते सांगणारे वैद्य तिथे होते, हे मला विसरता येत नाही.

आता तुझ्या काळजीशी थेट जोडलेली गोष्ट. बायपास झालेल्या 1802 रुग्णांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला होता, त्याचे निष्कर्ष 2006 मध्ये छापून आले. अनोळखी लोकांनी काही रुग्णांसाठी नाव घेऊन प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही, आणि दोन्ही गटांत गुंतागुंत जवळजवळ सारखीच झाली. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना निश्चित माहीत होते, त्यांच्यात ती थोडी अधिकच आढळली. तो योगायोगही असू शकतो, असे संशोधकांनीच म्हटले होते, तेव्हा हे वाचून घाबरू नकोस. मी तो अभ्यास वाचला तेव्हा मला एकच प्रश्न पडला : त्या रुग्णांच्या घरी बसलेल्या आयांना कोणत्या गटात मोजले होते? त्यांना तर कोणी थांबवले नव्हते, आणि थांबवले असते तरी त्या थांबल्या नसत्या.

हे सगळे वाचून मी प्रार्थना सोडली असे मी स्वतःला सांगितले, आणि जवळजवळ वर्षभर ते खरेही होते. मग एक दूरध्वनी आला. रुग्णालयात माझ्या शेजारच्या खाटेवर एक वृद्ध गृहस्थ होते. ते मी घरी येण्याच्या आदल्या रात्री गेले. त्यांच्या मुलीने कुठून तरी माझा क्रमांक मिळवला होता. तिला एवढेच विचारायचे होते, ‘बाबा शेवटी काही बोलले का?’ मला आठवले, आणि आठवताना अंगावर काटा आला, की प्राणवायूच्या मुखवट्याआड ते रात्रभर पुटपुटत असत. आधी घरच्यांची नावे, मग परिचारिकांची, मग आमच्या खोलीतल्या खाटांची, कारण आमची नावे त्यांना माहीत नव्हती. ‘चार नंबर’ म्हणजे मी. झोप येत नसे तेव्हा मी ‘चार नंबर’ कधी येतो याची वाट पाहत असे, आणि तो आला की मला एकटे वाटत नसे. मी तिला ते सांगितले. ती पुष्कळ वेळ बोलली नाही, पण तिने फोनही ठेवला नाही.

ते गेले आणि ‘चार नंबर’ वाचला. त्यांच्या पुटपुटण्याने मी वाचलो, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले की पुन्हा ताईचा प्रश्न समोर उभा राहतो आणि त्याचे उत्तर आजही माझ्यापाशी नाही. पण त्या रात्री मला कोणी तरी मोजत होते, हे खरे आहे.

किसा गौतमीची कथा लहानपणी मला निष्ठुर वाटत असे. मेलेले मूल कडेवर घेतलेल्या आईला बुद्धाने मरण न पाहिलेल्या घरातून मोहरी आणायला का पाठवावे, हे मला कळत नसे. आता वाटते, तिला प्रत्येक दारात कोणी ना कोणी आपल्या गेलेल्या माणसाचे नाव सांगितले असेल, आणि तिनेही आपल्या बाळाचे सांगितले असेल. मूल का गेले, ते बुद्धाने सांगितलेच नाही.

आईची प्रार्थनाही आता बदलली आहे. ती पूर्वीसारखी मागत नाही. नुसती नावे घेते. ताईचे अजूनही पहिले असते, मग माझे, मग आजारी, दूर गेलेल्या, रुसलेल्या माणसांची. गेली दोन वर्षे मी तिच्या शेजारी बसतो. डोळे मिटतो, पण हात जोडतो असे नेहमीच नाही. ती नाव घेते तेव्हा मी ते माणूस आठवतो, एवढेच. याला प्रार्थना म्हणावे का, हे तूच ठरव. तुझ्या ओळीचे ‘हो’ हे उत्तर मी या अर्थाने देत आहे.

काकांविषयी मी आईला सांगितले आहे. तिला दोन गोष्टी हव्या आहेत : शस्त्रक्रिया सकाळी किती वाजता सुरू होणार, आणि काकांना त्यांची आई कोणत्या नावाने हाक मारत असे. आम्ही त्यांना जन्मभर काकाच म्हणत आलो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. दोन्ही लवकर कळव.

तुझा,
नेहमीचाच