अण्णांसाठी पुदिन्याची ब्राउनी

सातारा
शनिवार, रात्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात फोनवर म्हणालास, अण्णांचं खाण्यावरचं मन उडालंय, गोडाला तर हातही लावत नाहीत. तेव्हापासून चैन नव्हतं. पण उभा जन्म खव्याच्या कढईपुढं काढलेल्या माणसाला साताऱ्याहून कंदी पेढे काय पाठवायचे! म्हणून पुदिन्याची चॉकलेट ब्राउनी करायला घेतली. अण्णा माळकरी, तेव्हा अंडं वर्ज्य, त्याऐवजी दही.

पहिल्या खेपेला बाजारचा पेपरमिंट इसेन्स अर्धा चमचा घातला. चॉकलेट कुठं गेलं तेच कळेना, नुसता टूथपेस्टचा वास. मग परसात मोरीच्या पाण्यावर माजलेला आईचा पुदिना दिसला. मूठभर पानं धुतली, फडक्यावर पसरून अगदी कोरडी केली, कारण पातळ झालेल्या चॉकलेटला पाण्याचे चार थेंब लागले तरी ते आळून त्याचा गोळा होतो. १२० ग्रॅम लोणी मंद आचेवर पातळ करून उतरवलं, पानं हातानं चुरगाळून त्यात टाकली आणि अर्धा तास झाकून ठेवली. पुदिन्याचा वास तेला-तुपात उतरतो, पाण्यात तेवढा नाही. पानं उकळली मात्र, तर शिजलेल्या पालेभाजीची झाक येते. अर्ध्या तासानं झाकण काढलं आणि स्वयंपाकघर भरून गेलं. आई देवघरातून विचारत आली, चटणी वाटतोयस का म्हणून.

वास आला, पण गारवा नव्हता. आपल्या घरच्या पुदिन्यात वास देणारं कार्व्होन जास्त, गारवा देणारं मेंथॉल नावापुरतं. पेपरमिंटच्या गोळीनं तोंड गार वाटतं ते मेंथॉलमुळं. थंडी ओळखणाऱ्या नसाच ते चेतवतं, तोंड खरं तर होतं तेवढंच उबदार असतं. म्हणून लोण्यात पानं आणि वर खाण्याच्या पेपरमिंट तेलाचे दोनच थेंब, असं जमवलं. ते पानं गाळलेलं लोणी, त्यात विरघळवलेलं १५० ग्रॅम डार्क चॉकलेट, १७५ ग्रॅम पिठीसाखर, पाऊण वाटी घट्ट दही, १०० ग्रॅम मैदा, दोन चमचे कोको, चिमूटभर सोडा, मीठ. बाकी काही नाही. अंड्याच्या ब्राउनीवर येते तशी कागदासारखी चकचकीत पापडी दह्यावर येत नाही, ती कसर राहिलीच.

खरी परीक्षा उतरवण्याची. मागच्या शनिवारी काडी कोरडी निघेपर्यंत ठेवली आणि सकाळी नानकटाईसारखी भुगा झाली. त्या दिवशी अण्णांची कढई डोळ्यांपुढं आली. खवा कडा सोडायला लागला की ते कढई खाली घ्यायचे. आपण ओरडायचो, अण्णा, अजून ओला आहे! ते म्हणायचे, उतरवला तरी तो भाजतच असतो रे. काल १८० अंशांवर बाविसाव्या मिनिटाला ओव्हन उघडला. मध्ये अजून थरथरत होतं, काडीला ओला चुरा लागला. तसंच बाहेर काढलं आणि रात्रभर भांड्यातच निवू दिलं. आज सकाळी सुरी घातली तर मेणासारखा काप पडला, आतून काळा आणि ओलसर. मला किती बरं वाटलं, तुला कसं सांगू!

उद्या सकाळच्या गाडीनं भाचा पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर डबा देतो. फ्रिजमध्ये ठेवलास तर द्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढ, गार असताना चॉकलेट दगड होतं आणि वासही मिटलेला असतो. अण्णांना आधी नुसता वास घेऊ दे. मग कोपऱ्यातला तुकडा दे, त्याच्या कडा खरपूस झाल्यात. कढईची खरवड ते आपल्या दोघांच्या तळहातावर ठेवायचे, तसा तू त्यांच्या हातावर ठेव. काय म्हणतात ते जसंच्या तसं कळव.

तुझाच,
शाळासोबती