एल पासोचा कायदा

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, की तुझे मित्र शनिवारी गाडी काढून शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या सनलँड पार्कला जातात, तिथे दुकानात गांजा राजरोस मिळतो, मग टेक्सासातच एवढा बाऊ कशाला? तुझा प्रश्न चुकीचा नाही. पण आयुष्यभर फौजदारी वकिली केलेल्या बापाला तो ऐकून स्वस्थ बसवेना, म्हणून लिहितो आहे.

तू राहतोस त्याच गावातून या कहाणीची सुरुवात होते. जून 1915 मध्ये टेक्सासातल्या एल पासो शहराने गांजावर बंदी घातली. अमेरिकेतल्या अगदी पहिल्या शहरी बंद्यांपैकी ती एक. नदीपलीकडे मेक्सिकोत 1910 पासून क्रांती पेटली होती आणि पलीकडच्या हुआरेस शहराकडून निर्वासितांचे लोंढे येत होते. गांजा ओढून मेक्सिकन माणूस पिसाळतो, अशा वावड्या तेव्हा सर्रास उठत. झाडाचं नाव पुढे करून राग माणसांवर काढला गेला, असं माझं स्पष्ट मत आहे. 1919 मध्ये टेक्सास राज्याने कायदा केला आणि 1931 पर्यंत गांजा नुसता जवळ असणं हाच गंभीर गुन्हा ठरला. पुढे शिक्षा जन्मठेपेपर्यंत गेली.

तो कायदा कोणावर कसा चालला, ते ली ओटिस जॉन्सन यांच्या खटल्यात दिसतं. ह्यूस्टनचे कृष्णवर्णीय कार्यकर्ते, नागरी हक्कांच्या चळवळीतले. साध्या वेशातल्या पोलिसाला गांजाची एक सिगारेट दिली म्हणून 1968 मध्ये त्यांना 30 वर्षांची सजा झाली. एका सिगारेटला तीस वर्षं! विद्यार्थी गव्हर्नर प्रेस्टन स्मिथ यांच्यासमोर ‘फ्री ली ओटिस’ म्हणून ओरडत होते, आणि गव्हर्नरसाहेबांना वाटलं की पोरं ‘फ्रिहोलेस’, म्हणजे स्पॅनिशमध्ये राजमा, म्हणतायत. ही हकिकत वाचून माझ्या अंगाची लाही झाली. फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टामुळे जॉन्सन 1972 मध्ये सुटले. 1973 मध्ये राज्याने कायदा सौम्य केला: दोन औंसांपर्यंत गांजा सापडला तर जास्तीत जास्त 180 दिवस कैद आणि दंड. आजही तेच आहे. 2015 मध्ये अपस्माराच्या काही रुग्णांना कमी मात्रेचं औषध मिळू लागलं, पुढे ती यादी वाढली, एवढंच.

आता तुझ्या कामाचं. तुझे मित्र ज्या गमीज, म्हणजे गांजाचा अर्क घातलेल्या चघळायच्या गोळ्या, आणतात, त्यांना ही दोन औंसांची सवलत लागू नाही. गांजाचा अर्क टेक्सासात वेगळ्या गटात मोडतो, आणि वजन करताना त्यातली साखर, जिलेटिन सगळं धरतात. पाकीट चार ग्रॅमच्या वर गेलं की दोन ते वीस वर्षं. गांजाच्या फुलापेक्षा गोळीला जबर शिक्षा! न्यू मेक्सिकोतली पावती दाखवून काही उपयोग नाही, उलट हद्द ओलांडून माल आणणं हा फेडरल गुन्हाही होतो. एल पासोतल्या दुकानात हेम्पच्या (कमी नशेच्या भांगेच्या झाडाच्या) नावाने जे मिळतं, त्याचाही भरवसा धरू नकोस. 2019 मध्ये ती वाट मोकळी झाली, 2025 मध्ये विधिमंडळाने बंदीचं विधेयक मंजूर केलं आणि गव्हर्नर अ‍ॅबट यांनी नकाराधिकार वापरून ते अडवलं. असं अधांतरी प्रकरण आहे.

शिवाय मित्रांपैकी जे अमेरिकेचे नागरिक आहेत, ते साधा गांजा सापडला तर दंड भरून, फार तर थोडे दिवस आत काढून मोकळे होतील. तू विद्यार्थी व्हिसावर आहेस. शिक्षा झाली नाही तरी अधिकाऱ्यापुढे दिलेली नुसती कबुली अमेरिकेतल्या पुढच्या प्रवेशाच्या आड येऊ शकते, मग ते सेवन न्यू मेक्सिकोत कायदेशीर असो की नसो.

तेव्हा त्या गाडीत परतीच्या वाटेवर बसू नकोस, माल दुसऱ्याच्या खिशात असला तरी. आणि कधी थांबवलंच, तर नाव सांग, कागदपत्रं दाखव, बाकी एकाही प्रश्नाला वकिलाशिवाय उत्तर देऊ नकोस. खोटं तर मुळीच बोलू नकोस. मग रात्रीचे कितीही वाजले असोत, मला फोन कर.

तुझा,
बाबा