सिनेमात पंचनामा कोण करतं?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दहशतवादावरच्या पोलीस सिनेमांबद्दल वाचकांची मतं आली होती, ती सगळी वाचली. बहुतेकांनी पहिला नंबर 'अ वेनस्डे'ला दिलाय आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सिनेमा एकदम टाइट आहे, गाणी नाहीत, दुपारपासून संध्याकाळपर्यंतची एवढीशी गोष्ट, नसीरुद्दीन शाहचा 'कॉमन मॅन' गच्चीवर बसून बॉम्बच्या धमकीचे फोन आरामात करतोय, पकडलेले चार अतिरेकी मागतोय, सोडवायला नाही तर उडवायला, आणि इकडे अनुपम खेरचा कमिशनर घामाघूम, टीव्हीवर लागला की मी अजूनही रिमोट खाली ठेवतो. मला बोलायचंय ते लोकांच्या मतांबद्दल.

एक वाचक म्हणतात असे चार कॉमन मॅन निघाले की दहशतवाद संपलाच म्हणून समजा. दुसरे म्हणतात हे सगळे सिनेमे एकाच समाजाला बदनाम करायला काढतात (त्या सिनेमात सगळ्यात जिगरबाज पोलीस अधिकारी आरिफ खान आहे हे बहुतेक विसरले). तिसऱ्यांचं म्हणणं लॉजिक शोधू नका, पैसा वसूल आहे. भांडा खुशाल, पण तिघांनीही एक गोष्ट धरूनच चाललीय की पकडलेले चौघं गुन्हेगार आहेतच, त्यात बोलायचं काय. सिनेमात ते आहेतच हो, पटकथेतच तसं लिहून ठेवलंय. आपल्याकडे ते कोणीतरी सिद्ध करायला लागतं, आणि तो भाग कुठल्याच सिनेमात नाही आणि तुमच्या वाचकांनाही तो नाहीये याची उणीव वाटत नाही.

मी मुंबई पोलिसात हवालदार म्हणून रिटायर झालो, नोकरीतली बरीच वर्षं रायटर होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तपास साहेबांच्या नावावर असतो आणि कागद रायटरच्या हाताने होतात. त्यामुळे 'अ वेनस्डे' सुरू होताना रिटायर्ड कमिशनर जेव्हा सांगतो की या घटनेची कुठेही लेखी नोंद नाही तेव्हा थेटरातल्या लोकांच्या अंगावर काटा येतो, आणि माझ्या डोक्यात येतं की अरे स्टेशन डायरी, म्हणजे ठाण्यातली रोजची नोंदवही, कोणाकडे होती त्या दिवशी! चार आरोपी जेलमधून काढले, जुहूच्या विमानतळावर नेले, त्यातले तीन स्फोटात उडाले, चौथ्याला गोळी घातली आणि कागद एक नाही. गंमत म्हणून ठीक आहे.

आता खरं काय असतं ते बघा. रात्री दीड वाजता एखाद्या खोलीत माल सापडला की पहिली धावपळ असते ती पंच शोधायची. दोन माणसं पाहिजेत, त्या मालाशी आणि पोलिसांशी संबंध नसलेली. पानवाल्याने लांबून वर्दी बघितली की शटर अर्ध्यावर येतं, रिक्षावाला म्हणतो साहेब माझी शिफ्ट संपली, शेवटी कोणीतरी भला माणूस तयार होतो आणि तोही पहिला प्रश्न हाच विचारतो की परत कोर्टात यावं लागेल का. यावं लागतं, कधी आठ वर्षांनी, कधी बारा. मग माल मोजायचा, वेगळा पॅक करायचा, पंचांच्या सह्यांचं लेबल लावायचं, मेणबत्तीवर लाख वितळवून पितळी सील मारायचं, त्यात अंगठा भाजणार हे ठरलेलं. मग मुद्देमाल रजिस्टरला नोंद, मग कलिन्याच्या फॉरेन्सिक लॅबला रवानगी, आणि लॅबला पाकीट पोचलं तेव्हा सील शाबूत होतं असं तिथून लिहून यायला पाहिजे. यातली एक कडी तुटली की वकील साहेब पंधरा मिनिटांत सगळा माल हवेत उडवतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, त्यांचं कामच ते.

हे रटाळ वाटेल पण 7/11 बघा. 11 जुलै 2006, संध्याकाळची गर्दी, वेस्टर्न लाइनच्या सात फर्स्ट क्लास डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट, 180 च्या वर माणसं गेली. 'अ वेनस्डे'मधल्या त्या कॉमन मॅनचा राग ह्याच लोकलमधून आलाय, रोज ट्रेनमध्ये भेटणारा तो अंगठी दाखवणारा मुलगा आठवत असेल तुम्हाला. या केसमध्ये 2015 साली मोक्का कोर्टाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी, सातांना जन्मठेप. आणि 21 जुलै 2025 ला हायकोर्टाने सगळेच्या सगळे निर्दोष सोडले. एक जण तर निकालाच्या आधीच जेलमध्ये वारला होता. निकालात काय म्हटलंय तेही बघा, ओळख परेड (आरोपीला इतर माणसांत उभं करून साक्षीदाराकडून ओळखून घेणं) घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घ्यायचा अधिकारच नव्हता, टॅक्सीवाल्यांनी शंभराहून जास्त दिवसांनी चेहरे ओळखले ते पटण्यासारखं नाही, जप्त माल नीट सीलबंद ठेवल्याचं दिसत नाही, बॉम्ब नेमका कुठल्या प्रकारचा होता तेही सरकार पक्षाला दाखवता आलं नाही. म्हणजे परत तेच, लाख, लेबल आणि रजिस्टर. सुप्रीम कोर्टाने तीन दिवसांनी सांगितलं की हा निकाल दुसऱ्या केसमध्ये दाखला म्हणून वापरू नका, पण सुटलेल्यांना परत आत घालायला सांगितलं नाही.

म्हणजे दोनच गोष्टी शक्य आहेत. एक तर खरे गुन्हेगार कागद कच्चे राहिले म्हणून सुटले, नाहीतर निरपराध माणसांची एकोणीस वर्षं गेली आणि खरे गुन्हेगार कधी सापडलेच नाहीत. दोन्हीपैकी कुठलंही खरं धरा, लोकलमध्ये ज्यांची माणसं गेली त्यांच्या हाताला काय लागलं? आणि समजा नसीरुद्दीनसारख्या कोणीतरी या बारांना मध्येच उडवलं असतं तर तुमच्या त्या पहिल्या वाचकांनी टाळ्याच वाजवल्या असत्या ना?

याच्या उलट 26/11 घ्या. सिनेमा रिलीज झाला 5 सप्टेंबर 2008 ला आणि तीन महिन्यांच्या आत हे झालं. तुकाराम ओंबळेंनी हातात लाठी असताना एके-47 ची नळी धरून ठेवली म्हणून कसाब जिवंत सापडला. जिवंत! सिनेमावाल्याने हा सीन वेगळाच लिहिला असता, कसाब तिथेच संपला असता आणि पब्लिकने शिट्ट्या मारल्या असत्या. तो जिवंत मिळाला म्हणून सगळी लिंक बाहेर आली, आर्थर रोडला केस उभी राहिली, सहाशेच्या वर साक्षीदार झाले, त्याला वकीलही दिला (तेव्हा कसाबला जेलमध्ये बिर्याणी मिळते अशा गप्पा मारणारे लोक आठवतात मला), आणि सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी झाली, जगात कोणाला बोट ठेवायला जागा राहिली नाही.

आणि त्याच केसमध्ये त्याच न्यायाधीशांनी दोन भारतीय आरोपींना सोडलं हे किती जणांना माहितीये? पोलिसांचं म्हणणं होतं की त्या दोघांमार्फत गेलेला हाताने काढलेला नकाशा मेलेल्या अतिरेक्याच्या पँटच्या खिशात सापडला. कोर्टाने बघितलं तर पँट रक्ताने माखलेली आणि नकाशा अगदी स्वच्छ, घडीसुद्धा चुरगळलेली नाही. झालं, तो पुरावा गेला. सुप्रीम कोर्टानेही त्या दोघांची सुटका कायम ठेवली. मला विचाराल तर या एका नकाशात जेवढं थ्रिल आहे तेवढं दहा हेलिकॉप्टरच्या एंट्रीत नाही, पण यावर कोणी सिनेमा काढत नाही.

अजून एक, हे थोडं कडू लागेल. 7/11 चा निकाल लागला आणि दहाच दिवसांनी, 31 जुलैला, 2008 च्या मालेगाव स्फोटाचा लागला, त्यातही सातही आरोपी पुराव्याअभावी सुटले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जे लोक पहिल्या निकालाला न्यायव्यवस्था विकली गेली म्हणत होते तेच दुसऱ्याला सत्याचा विजय म्हणून पेढ्यांचे फोटो टाकत होते, आणि दुसऱ्या बाजूचे नेमके उलटे. मालेगावात मेलेल्या सहा जणांचं नाव ना इकडच्यांनी घेतलं ना तिकडच्यांनी. तुमच्या पुरवणीतली मतं वाचून मला तोच ग्रुप आठवला, कोण गुन्हेगार हे आधी ठरलेलं, पुरावा नंतर बघू.

तुम्ही म्हणाल एवढं तावातावाने सांगण्यासारखं काय आहे, सिनेमाच तर आहे. पण मोठी केस झाली की पोलीस ठाण्यावर काय होतं ते मी बघितलंय, गेटवर चॅनेलच्या गाड्या, वरून दर तासाला फोन, धरलं का, कोणाला धरलं, किती जणांना धरलं. बरोबर माणूस धरला का असं विचारणारा फोन मला तरी आठवत नाही. आठ दिवस घरी न गेलेला माणूस मग रात्री तीनला पंचनामा लिहितो, त्यात तारीख चुकते, पंच ओळखीतला घेतला जातो, आणि ती चूक पंधरा वर्षांनी कोर्टात सापडते. हे प्रेशर साहेबलोक आकाशातून आणत नाहीत, पब्लिक आणतं, तेच पब्लिक जे थेटरात तीन तासांत निकाल बघून आलेलं असतं.

तर विनंती अशी की मतांचं पान चालू ठेवाच, पण एकदा तो 7/11 चा हायकोर्टाचा निकाल, सहाशेच्या वर पानं आहेत त्याची, कोणाकडून तरी सोप्या मराठीत करून चार रविवार छापा. आणि सिनेमावाले तुमच्याकडे मुलाखतीला येतात तेव्हा त्यांना सांगा की एका ओळख परेडवर अख्खा थ्रिलर होतो, आरोपीसारख्या उंचीची, तशीच दाढी असलेली डमी माणसं शोधताना जी फजिती होते त्यातच इंटरव्हल येईल. पंचाच्या रोलला नसीरुद्दीन शाहला घ्या म्हणावं, मी पहिल्या दिवशी तिकीट काढून जाईन, सिनियर सिटिझनची सवलतसुद्धा मागणार नाही.

आपला,
एक निवृत्त रायटर हवालदार, बदलापूर