पूर्वग्रह पालकांचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातले ‘पालकांचा पूर्वाग्रह’ हे स्फुट वाचले आणि रात्रभर डोक्यातून गेले नाही. बेळगावच्या मराठी वक्तृत्व स्पर्धेचा निकाल आधीच ठरला होता, असे आम्ही पालक म्हणालो, त्याला आपण पूर्वाग्रह म्हटले आहे. आधी शब्दाविषयी लिहितो, मग आरोपाविषयी.

मराठीत शब्द आहे पूर्वग्रह. पूर्वाग्रह हिंदीत चालतो, कानडीतही चालतो. शेजारच्या भाषेतून शब्द आला याचे मला दुःख नाही, आमच्या घरात रोज कितीतरी कानडी शब्द बोलले जातात. पण इथे अर्थच बदलतो. ‘त्याच्याविषयी माझा वाईट ग्रह झाला’ असे आपण म्हणतो, तो ग्रह म्हणजे मनात बसलेली समजूत. समोरच्याचे ऐकून घेण्याआधीच ती बसली की पूर्वग्रह. आग्रह म्हणजे धरून ठेवलेला हेका. दोन्ही एक नव्हेत.

आम्ही पालक निकाल लागल्यावर बोललो. डोळ्यांनी पाहिले, मग बोललो. पाहून झालेल्या मताला पूर्वग्रह कसे म्हणता येईल? आमचे मत चुकीचे वाटत असेल तर खुशाल चुकीचे म्हणा. पण ते आधीचे नव्हते.

मी काय पाहिले ते लिहितो, कारण बातमीत ते आलेच नाही. माझी नात सातवीत आहे, तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत. नंदगडहून सकाळी सहाच्या बसने निघालो, खानापुरात गाडी बदलून बेळगावला पोचलो. चोवीस स्पर्धक होते आणि तिचा क्रमांक एकोणिसावा. पंधरावे भाषण सुरू असताना मी पाणी आणायला मंचामागे गेलो. तिथल्या टेबलावर प्रमाणपत्रे ठेवली होती. सहभागाची सगळी कोरी. वरची तीन मात्र भरलेली, नाव, शाळा, क्रमांक सगळे. अजून नऊ मुले बोलायची होती. कार्यकर्त्याला विचारले तर म्हणाला, “काका, नंतर गडबड होते म्हणून लिहून ठेवल्यात.” संध्याकाळी तीच तीन नावे त्याच क्रमाने वाचली गेली.

नातीला मी काही सांगितले नाही. ती ओठ हलवत भाषण घोकत बसली होती. नंबर आल्यावर उभी राहिली, एकदाही न अडखळता बोलली. तिला तसेच बोलू दिले, हे मला अजून टोचते आहे.

याला पूर्वनिश्चित निकाल म्हणतात. आपल्या बातमीत ‘पूर्वनियोजित’ छापले आहे, तेही चूक. स्पर्धा पूर्वनियोजित असते. तारीख, जागा, पाहुणे, मुलांचा नाश्ता हे आधीच ठरवावे लागते आणि त्यात दोष नाही. निकालाचे नियोजन करायचे नसते. १९४६ साली याच बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. ठराव म्हणजेही ठरवणेच, पण तो सर्वांपुढे मांडून होतो, पडद्यामागे नव्हे.

पूर्वग्रह कुठे असेलच तर तो परीक्षकांच्या खुर्चीत होता. समारोपात त्यांच्यापैकी एकांनी सांगितले की खानापूरकडच्या मुलांच्या बोलण्यात कानडी हेल येतो, शहरातल्या मुलांचे मराठी स्वच्छ असते. मुलांच्या तोंडावर सांगितले. आमचा हेल हा आमच्या मराठीचाच हेल आहे, त्यात अस्वच्छ काय आहे? बक्षीस मिळालेल्यांपैकी दोघे त्याच परीक्षकांच्या शिकवणीला जातात हे नंतर कळले. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याच्या सुनावणीतून कर्नाटकातले न्यायमूर्ती स्वतःहून बाजूला झाल्याचे आपण सगळ्यांनी वाचले आहे. कोणाच्या मनात शंकाही राहू नये, एवढ्यासाठी तसे करतात. मुलांच्या स्पर्धेत हे का होऊ नये?

१९६७ मध्ये सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. ‘निकाल आधीच ठरला होता’ हे वाक्य तेव्हापासून घरात, कट्ट्यावर, सभेत ऐकत आलो. स्वतःही कितीदा बोललो. ते आपल्याच माणसांविषयी, मराठीच्याच स्पर्धेत बोलावे लागेल असे वाटले नव्हते.

स्फुटाच्या शेवटी आपण ‘हार-जीत विधिलिखित असते’ असे लिहिले आहे. विधिलिखित म्हणजे सटवीने सहाव्या रात्री कपाळावर लिहिलेले, त्याला कोणी जबाबदार नसतो. ही तीन नावे माणसांनी लिहिली आणि ती माणसे समारंभात मंचावर बसली होती. त्यांना विचारा. बातमीदाराला पुन्हा पाठवा आणि पालकांवरचा तो शब्द मागे घ्या.

पुढच्या महिन्यात खानापुरात आणखी एक स्पर्धा आहे. नातीचे नाव अजून दिलेले नाही. ती नको म्हणते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नंदगड, ता. खानापूर

ता. क. : रविवारची पुरवणी तीन आठवडे झाले नंदगडला मिळत नाही. एजंट सांगतो, बेळगावहूनच कमी येतात. कृपया लक्ष घालावे.