नोबेल मिळालं आणि हा माणूस वर्गात शिरला

संपादकसाहेब, नमस्कार. कार्ल वायमन हे नाव फिजिक्सवाले सोडले तर आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. २००१ चं नोबेल, तेही बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट, म्हणजे अणू प्रचंड गार केले की सगळे मिळून एकाच अणूसारखे वागतात ती अवस्था, प्रत्यक्ष बनवून दाखवलं म्हणून (बोस म्हणजे आपले सत्येंद्रनाथच). एवढं झाल्यावर कुणी आरामात लॅब चालवली असती, पण हा माणूस कॉलेजात फिजिक्स शिकवतात कसं याच्याच मागे लागला, बक्षिसाचे पैसे घालून फेट सिम्युलेशन्स, म्हणजे कॉम्प्युटरवर करून बघायचे प्रयोग, काढली, ती आज फुकट आहेत, मराठीतही आहेत. २०११ साली त्यांच्या टीमचा कॅनडातला प्रयोग छापून आला, एका वर्गाला अनुभवी, नावाजलेल्या प्राध्यापकांचं लेक्चर आणि दुसऱ्याला नवखे शिक्षक, पण लेक्चर जवळजवळ नाहीच, पोरांनी आपसात डोकं लावायचं आणि क्लिकरने, म्हणजे हातातल्या छोट्या रिमोटचं बटण दाबून, उत्तर द्यायचं. आठवडाभराने टेस्ट घेतली तर पहिल्या वर्गाची सरासरी ४१ टक्के, दुसऱ्याची ७४!

आपल्याकडे बीएस्सीला अजून कितीतरी ठिकाणी नोट्स डिक्टेट होतात आणि जर्नल सीनियरचं बघून उतरवतात, रीडिंगसकट. प्रमोशनला मात्र पेपर किती छापले ते बघतात, मग शिकवण्यावर डोकं कोण घालवणार? विद्यापीठांनी निदान एखाद्या विषयाला तरी हे करून बघावं, क्लिकर नसले तर हात वर करायला लावा.

– एक पालक