‘ओरडू नका’ म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या हिमस्खलनाच्या बातमीखालची ‘ही काळजी घ्या’ चौकट वाचली. पहिलाच सल्ला, मोठ्याने ओरडू नका, आवाजाने बर्फ कोसळतो! धन्य आहे. माणसाच्या आवाजात तेवढा जोर नसतो हो, पायात असतो. वाऱ्याने दाबून बसवलेला बर्फाचा थर खालच्या भुसभुशीत थरावर नुसता टेकलेला असतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर कुणी त्यावर चाललं की खालचा थर बसतो, भेग पडते ती माणसाच्याही वर, चढाच्या बाजूला, आणि अख्खा पट्टा त्याच्यासकट सुटतो. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या ‘द्रौपदी का डांडा’ शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. तेव्हा २७ मृतदेह मिळाले, दोघं बेपत्ता राहिले. ती मुलं काय आरडाओरडा करत होती?

एवढा त्रागा करायला कारण आहे. माझी भाची बर्फातल्या ट्रेकला निघाली तेव्हा आयोजकांच्या मीटिंगला मीही गेले. आयोजक इथलेच, नाव घेत नाही. विचारलं, गाडलेल्याला शोधायचा ट्रान्सिव्हर, टोचायची लांब काठी, फावडं, यातलं काय नेताय? लीडर हसून म्हणाला, “काकू, टेन्शन घेऊ नका, आम्ही तिथे पोरांना आवाजच करू देत नाही.” टी-शर्ट मात्र सगळ्यांना, पाठीवर कंपनीचं नाव. फावडं एकही नाही! गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर फार थोडे. घसरून थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळतो, हातांनी उकरत नाही. हेलिकॉप्टर येईपर्यंत कोण थांबणार?

दुपारच्या उन्हाने भिजलेला बर्फ सावकाश उतरतो, पण वजनाने चिरडतो. हिमनदीचे बर्फाचे सुळके तर कोसळताना वेळकाळ बघत नाहीत. २०१४ साली एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमप्रपातात १६ नेपाळी कामगार त्यात गेले. याला तुमच्या चौकटीत जागा नाही, शेजारी मनालीच्या पॅकेजच्या जाहिरातीला मात्र पाव पान. डीआरडीओची चंडीगढची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे जिल्हावार इशारे देते, हिवाळ्यात तेवढे तरी छापा.

आणि बातमी गढवालची, मग फोटोत मागे टोकदार मनोऱ्याचं चर्च दिसतंय ते चमोलीतल्या कुठल्या गावचं, तेही कळवावं.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)