स्थळाला टेस्ट द्यायची म्हणतोस?

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज रात्रीच वाचला पण चार ओळींत उत्तर देण्यासारखा तो नव्हता, म्हणून आज रविवारचं निवांत बसून लिहितोय, लांबेल बहुतेक. छोटीसाठी आलेल्या मुलाला पर्सनॅलिटी टेस्ट म्हणून कायतरी भरायला द्यायचं आणि त्यातून तो पितो का नाही ते आपण गुपचूप काढायचं, ही आयडिया काकांची का तुझी? काकांची असेल तर सोड, तुझी असेल तर भेटल्यावर बघतो तुला.

गंमत अशीये की अशी टेस्ट खरंच आहे. अमेरिकेत मिनेसोटा युनिव्हर्सिटीतल्या हॅथवे आणि मॅकिन्ली या दोघांनी १९४३ मध्ये एमएमपीआय आणली, साडेपाचशे वाक्यं आणि प्रत्येकापुढं खरं किंवा खोटं, बास. नंतर १९६५ मध्ये क्रेग मॅकअँड्र्यूनं याच टेस्टवरची दारूसाठी ओपीडीत येणाऱ्या पुरुषांची उत्तरं घेतली आणि दुसऱ्या मानसिक त्रासासाठी येणाऱ्या, दारूचा प्रश्न नसलेल्या पुरुषांची घेतली, आणि कुठल्या वाक्यांवर दोन्हीकडं फरक पडतो ते नुसतं मोजलं. का पडतो वगैरे भानगडीत गेलाच नाही. ५१ वाक्यं निघाली, त्यातली दोन सरळ दारूबद्दल होती ती मुद्दाम काढून टाकली, उरली ४९. म्हणजे समोरच्याला वास पण येणार नाही की हे कशाबद्दल चाललंय. ४९ पैकी स्कोअर २४ किंवा वर गेला की संशय. तुला हवंय ते हेच ना?

तर आता ऐक. सायकॉलॉजीच्या एमएला असताना आमच्या प्रॅक्टिकलला ही टेस्ट आम्ही एकमेकांना दिली होती आणि वर्गात सगळ्यात जास्त स्कोअर कुणाचा आला असेल? माझा. २८. मी, ज्याला सोड्याचा पण ठसका लागतो! मॅडमनी चष्म्यावरून असं बघितलं की मला वाटलं आता घरी फोन जातोय. पोरं महिनाभर मला ‘खंबा’ म्हणत होती. कारण ती वाक्यं विचारतात काय, तर शाळेत दंगा केलेला का, चारचौघांत रमतो का, रिस्क घ्यायला आवडते का, अशा वळणाचं सगळं. आता शाळेतनं महिन्यातनं दोनदा बापाला बोलावणं यायचं माझ्या, तुझ्यामुळंच अर्ध्या वेळेला, ते खोटं कसं लिहिणार.

आणि आमचे अण्णा? तुला सगळं माहितीये. वीस वर्षं रोज रात्री क्वार्टर, पण ऑफिसला कधी लेट नाही, आवाज चढवला नाही, गणपतीत वर्गणी गोळा करायला पुढं, सोसायटीत त्यांच्याइतका सरळ माणूस नाही म्हणायचे लोक. लिव्हरचं निघालं तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. अण्णांना ती ४९ वाक्यं दिली असती तर आरामात पास झाले असते रे. मॅकअँड्र्यूनं स्वतःच पुढं असे दोन प्रकार मानले, एक धाडसी दंगेखोर पिणारे आणि दुसरे आतल्या आत कुढून, टेन्शननं पिणारे, आणि हे दुसरे त्याच्या चाळणीतून निसटतात. बायका आणि काळे अमेरिकन यांच्या बाबतीत तर ती आणखीच गडबडते.

फालतू आहे असं नाही हां. मिनेसोटातच कॉलेजच्या पहिल्या वर्षाला एमएमपीआय भरलेली काही पोरं बऱ्याच वर्षांनी दारूच्या उपचाराला आली, तेव्हा जुने कागद काढून बघितले तर स्कोअर तेव्हाच वर होता. पण म्हणजे काय, तर ती स्वभाव पकडते, बाटली नाही. त्या स्वभावाची दहा पोरं असली तर कोण दारूत जाईल, कोण ट्रेकला आणि कोण राजकारणात, ते तिला कुठं कळतंय.

हिशोब पण करून बघ, तू सीए आहेस. मॅकअँड्र्यूच्या आकड्यात १०० तली साधारण ८२ माणसं बरोबर ओळखली गेली, ऐकायला भारी. पण तिथं अर्धे दारूचा प्रश्न असलेले आणि अर्धे नसलेले होते. आता समज १००० स्थळं आहेत आणि त्यात ५० जणांना खरंच व्यसन आहे. ५० पैकी ४१ सापडतील, आणि ९५० निर्व्यसनी पोरांपैकी १७१ वर उगाच शिक्का. म्हणजे पकडलेल्या पाचातला एकच खरा. लग्नाच्या बाजारात असा शिक्का किती दिवस टिकतो ते मी तुला सांगायला नको.

खरी मजा पुढं आहे. १९९२ मध्ये दुसऱ्या लोकांनी एमएमपीआयच्याच नव्या आवृत्तीतून १३ वाक्यांची एक मोजपट्टी काढली, लपवाछपवी नाही, बहुतेक सरळच विचारणं, आणि ती मॅकअँड्र्यूच्या ४९ वाक्यांच्या छुप्या पट्टीपेक्षा बऱ्याचदा जास्त कामाची ठरली. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट म्हणून १० प्रश्नांची आहे ती पण तशीच, किती वेळा घेता, एका बैठकीला किती, सकाळी उठल्या उठल्या लागते का. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांत आलेल्या पुरुषांना हीच विचारून, जास्त पिणारे निवडून, साध्या ट्रेनिंग दिलेल्या माणसांनी समुपदेशन केलं, आणि फरक पडला, २०१७ मध्ये छापून आलंय. अर्थात तिथं खरं सांगून कुणाचं लग्न मोडत नव्हतं. तुमच्या दिवाणखान्यात कांदेपोहे खाताना कोण सांगेल?

म्हणून म्हणतो टेस्ट बिस्ट नको. आणि कुणाला लपून पेपर द्यायला मला लावूही नकोस, ते आमच्या धंद्यात बसत नाही. छोटीला आणि त्याला दोन-तीनदा बाहेर भेटू दे, तिलाच विचारू दे, आठवड्यात किती होते, शेवटची कधी घेतली. तो ‘कधीतरी पार्टीत’ म्हणाला असेल तर कधीतरी म्हणजे कधी ते विचारायचं, बिचकायचं नाही. आमच्या आईनं लग्नाआधी अण्णांना विचारलंच नव्हतं, तिला विचारायची परवानगीच नव्हती.

काय म्हणाला ते कळव. आणि माझा २८ चा स्कोअर काकूंना सांगू नकोस, त्या माझ्यासाठी कुणाची तरी पत्रिका आणणार होत्या.

तुझाच,
खंबा